तहानेनें राखिलेलें रान

एखाद्या मोठ्या शहराची वेस ओलांडली कीं आधीं मळे लागतात, मग गांवें लागतात, आणि रान फार दूर राहतें. मुंबईची गोष्ट वेगळी आहे. बोरिवली स्टेशनावर उतरून पूर्वेकडे थोडें चालून गेलें म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें द्वार लागतें, आणि त्याच्या आंत सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचा डोंगराळ वनप्रदेश पसरलेला आहे. पश्चिमेस बोरिवली, कांदिवली, गोरेगांव. पूर्वेस मुलुंड आणि भांडुप. उत्तरेस ठाण्याची वाढती वस्ती. चोहोंकडून माणसांचा असा वेढा पडलेला असतां मध्यें सांबर, चितळ आणि बिबळे नांदत आहेत. जेथें हातभर जमिनीलाही सोन्याचा भाव येतो, त्या नगरीनें एवढें रान शिल्लक कसें ठेविलें, असा प्रश्न कोणासही सहज पडेल.

त्याचें उत्तर पशुपक्ष्यांच्या प्रेमांत शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं. तें पाण्यांत सांपडतें. साष्टी बेटाच्या मधोमध उभा असलेला हा डोंगर पावसाळी ढगांना अडवितो. चार महिन्यांत या भागांत ऐंशी इंचांहून अधिक पाऊस कोसळतो आणि पुढील आठ महिने आकाश बहुतेक कोरडें राहतें. जो कोणी या बेटावर वस्तीस आला, त्याला या आठ महिन्यांची तरतूद आधीं करावी लागली. या डोंगराचा दोन हजार वर्षांचा इतिहास म्हणजे बव्हंशीं या तरतुदीचाच इतिहास होय.

ती प्रथम मोठ्या प्रमाणावर केली कान्हेरीच्या बौद्ध भिक्षूंनीं. उद्यानाच्या द्वारापासून पांच-सहा किलोमीटर आंत गेलें म्हणजे काळ्या पाषाणांत कोरलेलीं शंभरांहून अधिक लेणीं दिसतात. प्राचीन लेखांत या डोंगराचें नांव कृष्णगिरि, म्हणजे काळा डोंगर, असें येतें. कान्हेरी हें त्याचेंच बोलींतील रूप. इसवी सनाच्या आरंभापासून सुमारें हजार वर्षें येथें भिक्षूंचा राबता होता. प्रवासी बहुधा थोरल्या चैत्यगृहापाशीं थांबतो, तेथील दोन उंच बुद्धमूर्तींपुढें क्षणभर विस्मित होतो आणि परत फिरतो. परंतु त्यानें थोडें पायांखालींही पाहावें. बहुतेक लेण्यांच्या दाराशीं खडकांत खोदलेलें एक टांकें आहे, आणि कड्यावरून ओघळणारें पाणी त्यांत वळविण्यासाठीं खडकावर चर काढलेले आहेत. येथील प्राकृत लेखांत अशा टांक्यास ‘पोढी’ म्हटलें आहे. लेण्याच्या दानाबरोबर पोढीचें दानही तेथें मोठ्या आदरानें नोंदविलेलें आढळतें.

हे दाते सर्वच राजेरजवाडे नव्हते. सोपारा, कल्याण, चेऊल, नाशिक अशा ठिकाणचे व्यापारी, कारागीर, सामान्य गृहस्थ आणि भिक्षुणी यांचीं नांवें या लेखांत आहेत. एका टांक्यावरील संस्कृत लेख मात्र थेट राजकारणाशीं निगडित आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णि याची राणी कार्दमक कुळांतील, महाक्षत्रपाची कन्या होती, असें त्यांत सांगितलें आहे. तो महाक्षत्रप रुद्रदामा असावा असें बहुतेक पंडित मानतात. जीं दोन घराणीं रणांगणावर एकमेकांशीं झुंजत होतीं, त्यांच्या सोयरिकीची साक्ष येथें कोणत्या विजयस्तंभानें दिलेली नाहीं. ती सतेरक नांवाच्या अमात्यानें दान केलेल्या पाण्याच्या टांक्यानें दिली आहे.

पुढें राष्ट्रकूटांच्या काळीं, नवव्या शतकांतही, या संघास दानें मिळत होतीं. इ. स. १००९ आणि १०२१ या सालीं आलेल्या पारशी प्रवाशांनीं पहलवी लिपींत आपलीं नांवें येथें कोरून ठेविलीं आहेत. तीं वाचणारा एडवर्ड विल्यम वेस्ट हा पेशानें रेल्वेचा इंजिनियर होता, हाही एक योगच. त्यानंतर भिक्षु गेले, वस्ती ओस पडली आणि रानानें लेणीं आपल्या पोटांत घेतलीं. टांक्यांत पाणी सांचत राहिलें, पण तें पिणारें माणूस उरलें नाहीं.

मध्यंतरीं दक्षिणेस समुद्रकांठीं सात बेटें सांधून मुंबई उभी राहिली. तिची सारी भिस्त विहिरींवर आणि लहानमोठ्या तळ्यांवर होती. उन्हाळा कडक पडला कीं तीं आटत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोकसंख्या इतकी वाढली कीं हें पाणी पुरेना. तेव्हां शहराची दृष्टि पुन्हा याच डोंगराकडे वळली. हेन्री कॉनिबीअर या इंजिनियराच्या योजनेप्रमाणें १८५६ सालीं मिठी नदीच्या मुखाकडील खोऱ्यांत नव्हे, तर तिच्या उगमाकडील खोऱ्यांत बांध घालण्यास आरंभ झाला, आणि १८६० सालीं विहार तलाव पुरा झाला. मुंबईस नळाचें पाणी मिळूं लागलें तें तेव्हांपासून. तेंही अपुरें पडलें म्हणून १८७९ सालीं तुळशी तलाव त्याच्या जोडीस आला. भिक्षूंनीं जें दाराशीं केलें, तेंच या शहरानें खोऱ्याच्या मापानें केलें.

पिण्याचें पाणी निर्मळ राहावयाचें तर त्याच्या पाणलोटांत वस्ती, नांगर आणि गुरें यांचा उपद्रव नको. तळ्यांभोवतींचें रान राखणें शहरास भाग पडलें तें या साध्या कारणासाठीं. ही व्यवस्था बिबळ्यांकरितां केलेली नव्हती. लाभ मात्र त्यांनाही झाला. पुढें १९५० च्या मुंबई राष्ट्रीय उद्यान अधिनियमाखालीं कृष्णगिरि राष्ट्रीय उद्यान निर्माण झालें, आणि कालांतरानें विहार व तुळशी यांचे पाणलोट त्याला जोडले जाऊन उद्यान आजच्या विस्तारास पोहोंचलें.

आतां मुंबईची तहान तान्सा, वैतरणा, भातसा अशीं दूरचीं पाणीं भागवितात. विहार आणि तुळशी यांचा वांटा शेंकडा तीनच्या आसपास आला आहे. तेव्हां या रानाचें काम संपलें, असें एखाद्यास वाटेल. पण रानांत पडलेलें पाणी अखेर शहरांतूनच समुद्रास जातें. तुळशीकडून दहिसर नदी निघते. विहार आणि पवई यांचें सांडपाणी नव्हे, तर सांडव्यावरून वाहणारें पाणी मिठी नदी नेते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां भराव आणि बांधकामांनीं आक्रसलेल्या मिठीच्या कांठीं हाहाकार उडाला. डोंगरावर झाडें पाण्याचा वेग मोडतात. खालीं शहरानें त्याची वाट मोडली होती.

जी गोष्ट पाण्याची, तीच बिबळ्याची. त्यालाही शहरानें आंखलेली सीमा ठाऊक नाहीं. २०१५ सालच्या छायाचित्र-गणनेंत येथें ३५ बिबळे आढळले. रानाच्या कडेस कचऱ्याचे ढीग, त्यांवर पोसलेलीं कुत्रीं, आणि त्या कुत्र्यांमागें आलेला बिबळ्या, अशी ही सांखळी आहे. २००४ च्या जून महिन्यांत त्याच्या हल्ल्यांत अनेक माणसें दगावलीं. मेलेले बहुतेक रानाच्या कडेला राहणारे गरीब लोक होते. इतरत्र पकडलेले बिबळे या रानांत आणून सोडण्याच्या प्रथेमुळें संकट वाढलें, असें अभ्यासकांनीं पुढें दाखवून दिलें. पिंजऱ्यावरील भिस्त कमी करून कचरा उचलणें, रात्रीं उजेड ठेवणें आणि लोकांना समजावून सांगणें यांवर भर दिल्यानंतर हल्ले पुष्कळच घटले.

वारली लोकांना हें शहाणपण नवें नाहीं. त्यांचे पाडे उद्यानाच्या आंत पूर्वीपासून आहेत, आणि ते वाघोबास देव मानून त्याची पूजा करतात. वाघोबाचा मान राखावा व आपली पायरी ओळखावी, असा त्या श्रद्धेचा व्यवहारी अर्थ आहे. १९९७ सालीं उच्च न्यायालयानें रानांतील अतिक्रमणें हटविण्याचा आदेश दिला आणि पुढें हजारों झोपड्या उठल्या. रान वांचलें, पण जुने रहिवासी कोण आणि नवे अतिक्रमक कोण, हा वाद धुमसत राहिला. ज्या डोंगरानें मुंबईस पहिलें नळाचें पाणी दिलें, त्याच डोंगरांतील कित्येक पाड्यांना पाण्याविजेच्या साध्या सोयींसाठीं वर्षानुवर्षें झगडावें लागलें, ही विसंगति शहरास भूषणावह नाहीं.

बोरिवलीस जाणारीं कुटुंबें हरिणें पाहतात आणि वाघ दिसला नाहीं तर हळहळतात. त्यांनीं एकदां पावसाळ्यानंतर कान्हेरीचा माथा चढून एखाद्या पोढीशीं थांबावें. तें टांकें खोदविणाऱ्या दात्यानें तें स्वतःसाठीं खोदविलें नव्हतें. जे भिक्षु त्याच्या मागून येणार होते, ज्यांचें नांवही त्याला कळणार नव्हतें, त्यांच्या तहानेची सोय त्यानें करून ठेविली. मुंबईनें हें रान राखिलें तें आपल्या गरजेपोटीं. आतां ती गरज उणावली आहे, आणि दुसऱ्याच्या तहानेसाठीं तें राखण्याची पाळी आली आहे.