बाटलीत काय आहे: चिकपेट, टिकली आणि नखांचे जेल

बंगळुरात साडी घ्यायची तर चिकपेट, आणि तिच्यावर शोभेल अशी टिकली, बांगडी, नखांचा रंग घाऊक भावात हवा तर लागूनच मामूलपेठ. पहिल्या केंपेगौडाने 1537 साली वसवलेल्या या पेठांची मांडणीच धंद्यावर बेतलेली होती. बळेपेठेत बांगड्या, अक्कीपेठेत तांदूळ, गाणिगरपेठेत तेल, कुंभारपेठेत मडकी. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने शहर घेतले, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि चिकपेटेतल्या गौरीमहालात त्यांचा मुक्काम होता, असे सांगतात. मराठी बोलणारे भावसार, म्हणजे रंगारी आणि शिंपी, या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अशा पेठेत माल करणारा हाकेच्या अंतरावर असे. रंग कशाचा, तेल कोणत्या घाण्याचे, हे गिऱ्हाइकाला विचारता येई. पुढे बंद पाकिटे आणि बाटल्या आल्या, आणि विकणारालाही आत काय आहे ते ठाऊक नाहीसे झाले. कृत्रिम नखांमुळे बोटांना होणाऱ्या अ‍ॅलर्जीकडे ‘नाजूक कातडी’ किंवा ‘पोरींचे नटणे’ म्हणून पाहण्याची सवय आहे. माझ्या मते या त्रासाचे मूळ आत काय आहे ते न सांगण्यात आहे, आणि त्याचा पुरावा नखांच्या आधी कपाळावर सापडतो.

मराठी घरात कुंकू लावण्याआधी कपाळावर मेणाचे बोट टेकवीत आणि करंड्यातले कुंकू त्यावर बसवीत. मखमली टिकली आली तेव्हा मेणाची जागा मागच्या डिंकाने घेतली. काही बायकांच्या कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग उठू लागला. घरोघरी त्याला कोड समजले गेले. मुलगी लग्नाची असली तर ते किती महागात पडत असेल, हे वेगळे सांगायला नको. 1990 साली अलाहाबादचे त्वचारोगतज्ज्ञ ए. के. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिंकातले पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे रसायन त्याला कारणीभूत असल्याचे दाखवले. ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाच मारते. हे कळेपर्यंत दोष त्या बाईच्या रक्ताला आणि घराण्याला लागत होता. डिंकाकडे बोट कोणी दाखवले नव्हते.

नखांची कथा याच वाटेने गेली, फक्त तिचा उगम दंतवैद्यकात आहे. 1954 मध्ये अमेरिकेतल्या फ्रेड स्लॅक या दंतवैद्याने तुटलेले नख दातांच्या अ‍ॅक्रिलिकने सांधले आणि त्यातून धंदा उभा राहिला. तीनच वर्षांत, 1957 साली, त्वचारोगतज्ज्ञ अलेक्झांडर फिशर यांनी अशा नखांमुळे झालेल्या अ‍ॅलर्जीची नोंद केली. 1974 मध्ये अमेरिकी सरकारने शुद्ध मिथाइल मेथाक्रिलेटच्या नखद्रव्यांविरुद्ध कोर्टाची मनाई मिळवली. तेव्हा धंदा त्याच कुळातल्या दुसऱ्या रसायनांकडे वळला. आजच्या जेलमधले हेमा (हायड्रॉक्सिइथाइल मेथाक्रिलेट) त्यांपैकीच. पूर्ण घट्ट झालेले प्लास्टिक सहसा निरुपद्रवी असते. घात होतो तो घट्ट न झालेल्या द्रवाने, म्हणजे ब्रश नखावरून घसरून कातडीला लागला, किंवा जेल घट्ट करणारा दिवा एका कंपनीचा आणि जेल दुसरीचे असल्याने खालचा थर कच्चा राहिला की. आधी नखाच्या कडेला खाज, मग बोटांची टोके कोरडी होऊन चिरतात, नख खालच्या मांसापासून सुटते. पापण्या आणि मानही चुरचुरते, कारण हात दिवसभर तिथे जातात. पण नखांचा संबंध तिथे कोणाला सुचत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: जुने ते शुद्ध होते, नवे सोडा म्हणजे झाले. हळदीला चुना लावून केलेल्या कुंकवापुरते ते बरेचसे खरे असेल. पण बाजारी कुंकवातल्या रंगांनी कपाळ काळवंडल्याची नोंद सिंगापूरच्या डॉक्टरांनी 1986 सालीच केली आहे, आणि झटपट काळी होणाऱ्या मेंदीत केसांच्या कलपातले रसायन मिसळतात. भेसळीला परंपरेचे वावडे नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लाखो बायका नखे करतात, त्रास मूठभरांना होतो, मग एवढा गवगवा कशाला? कारण ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, आणि मेथाक्रिलेट फक्त नखांत नसते. दातांच्या भरणीत ते आहे, सांधा बदलताना वापरतात त्या सिमेंटमध्ये आहे. शिवाय आठवड्याला एकदा नखे करणारीपेक्षा दिवसभर दुसऱ्यांची नखे करणाऱ्या पार्लरमधल्या मुलीचा धोका कितीतरी मोठा. तिच्या हातातला लॅटेक्सचा मोजा हे द्रव काही मिनिटांत पार करतात. नायट्रिलचा थोडा जास्त टिकतो, म्हणून तोही वरचेवर बदलावा लागतो.

म्हणून ज्यांना त्रास सुरू झाला आहे त्यांनी ब्रँड बदलत बसू नये. ‘हेमा-फ्री’ बाटलीत त्याच कुळातले दुसरे रसायन असू शकते. नखे उतरवावीत, त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्यावी (पाठीवरच्या पट्ट्या दोन दिवस ठेवाव्या लागतात, त्या भिजवू नयेत), आणि तीत निघालेल्या रसायनाचे नाव लिहून दातांच्या डॉक्टरला आधीच दाखवावे. युरोपीय संघाने 2020 च्या नियमाने हेमा फक्त व्यावसायिकांच्या हाती ठेवले आणि बाटलीवर अ‍ॅलर्जीचा इशारा सक्तीचा केला. आपल्याकडे कॉस्मेटिक्स रूल्स त्याच वर्षीचे. त्यांत घटकांची यादी छापण्याचा नियम आहे, पण 60 मिलिलिटरपेक्षा लहान द्रव बाटलीला त्यातून सूट आहे. नखांच्या जेलची बाटली साधारण 10 ते 15 मिलिलिटरची असते.