खुले कारागृह आणि स्त्रीबंदी
अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीगोंदा तालुक्यातील विसापूर येथे पुरुष बंद्यांचे खुले कारागृह आहे. चांगल्या वर्तणुकीचे शिक्षाबंदी तेथे शेतात राबतात. खुल्या कारागृहाचा खरा लाभ शिक्षेतील जादा माफीचा. त्यामुळे तेथे जागा न मिळणे ही नुसती गैरसोय नव्हे. गजांआडचे दिवसच वाढतात. राज्यात स्त्रियांना ही सोय फार उशिरा आणि तीही येरवड्याला मिळाली, म्हणजे अहिल्यानगरच्या स्त्रीबंदीला घरच्यांची भेट आणखी महागात पडते. स्त्रीबंद्यांच्या इतर प्रश्नांत मात्र न्यायालयाने लक्ष घातले आहे. पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये स्त्रियांसाठी वेगळ्या पोलीस कोठड्या व महिला शिपायांचा पहारा ठेवण्याचे निर्देश दिले. याच न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार स्त्रीबंदीचे सहा वर्षांपर्यंतचे मूल कारागृहात आईजवळ राहू शकते. त्याच्या आहाराची व पाळणाघराची तजवीज कारागृहाने करायची असते.