'रिक्वेस्ट' लायब्ररी : एका साहाय्यक साधनाचा उदय व निवृत्ती

संगणकविद्येच्या इतिहासात नामांकित भाषांना व मोठ्या यंत्रणांना जे स्थान मिळते, ते छोट्या साहाय्यक साधनांच्या वाट्यास क्वचितच येते. तथापि एखाद्या काळात प्रत्यक्ष काम कसे चालत होते, हे पुष्कळदा अशा साधनांवरूनच उमगते. जावास्क्रिप्टमधील 'रिक्वेस्ट' ही लायब्ररी या दृष्टीने अभ्यसनीय आहे. दुसऱ्या संगणकाकडे एचटीटीपी विनंती पाठवावी व आलेले उत्तर प्रोग्रामच्या हाती द्यावे, एवढेच तिचे कार्य होते.

या कार्याची पूर्वपीठिका ब्राउझरमध्ये आढळते. पान पुन्हा न उघडता सर्व्हरशी बोलण्याची सोय 'एक्सएमएलएचटीटीपी' या नावाने 1999 साली इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीत आली. परंतु निरनिराळ्या ब्राउझरांत ती निरनिराळ्या रीतीने वापरावी लागे. हा भेद झाकण्याचे काम 2005 मध्ये 'प्रोटोटाइप' आणि 2006 मध्ये 'जेक्वेरी' या लायब्रऱ्यांनी केले.

रायन डाल यांनी 2009 साली नोड प्रसिद्ध केले आणि जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर आली. येथे अडचण भेदाची नसून श्रमाची होती. नोडच्या मूळ साधनाकडून उत्तर तुकड्यातुकड्यांनी येई. ते जोडणे, चुका हाताळणे, सर्व्हरने दुसऱ्या पत्त्याकडे धाडल्यास तिकडे जाणे, ही सारी जबाबदारी प्रोग्रामरवरच पडे. मायकेल रॉजर्स यांच्या 'रिक्वेस्ट'ने हा भार आपल्याकडे घेतला. पत्ता आणि एक कॉलबॅक दिला की त्या कॉलबॅकला चूक, प्रतिसाद व मजकूर या तिन्ही गोष्टी मिळत. या सुलभतेमुळे असंख्य पॅकेजे तिच्यावर विसंबून राहू लागली.

पुढे भाषाच बदलली. 2015 च्या प्रमाणात प्रॉमिस आले, 2017 च्या प्रमाणात 'असिंक' व 'अवेट' आले, आणि कॉलबॅकची रीत मागे पडत चालली. 'रिक्वेस्ट'ची घडण मात्र कॉलबॅकवरच उभी होती. ती बदलावी तर तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजे मोडतील, न बदलावी तर नवोदित जुन्याच रीतीकडे वळतील, असा हा पेच होता. लोकप्रियता हीच येथे सुधारणेच्या आड आली. नव्या साधनांना वाव मिळावा म्हणून या लायब्ररीने बाजूस व्हावे, अशी भूमिका रॉजर्स यांनी 2019 मध्ये मांडली. फेब्रुवारी 2020 मध्ये ती अधिकृतपणे निवृत्त झाली.

निवृत्तीने प्रश्न संपला असे मात्र नव्हे. 2023 साली तिच्यात सुरक्षेचा एक दोष नोंदला गेला. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसकडे, किंवा उलट, धाडणाऱ्या सर्व्हरच्या साहाय्याने संरक्षक तपासणी चुकविता येते, असे त्याचे स्वरूप होते. पत्ता बदलल्यास आपोआप तिकडे जाण्याची जी सोय एकेकाळी तिचा गुण होती, तीच दोषाची वाट ठरली. आणि दुरुस्तीची जबाबदारी घेणारे कोणी उरले नव्हते.

दरम्यान 'फेच' हे साधन 2022 च्या अठराव्या आवृत्तीपासून नोडमध्येच अंतर्भूत झाले. म्हणजे साहाय्यक लायब्रऱ्यांनी जी गरज सिद्ध केली, ती मूळ यंत्रणेने मान्य केली. तरीही सर्व्हरने 404 वा 500 असे उत्तर दिले असता 'फेच' त्यास अपयश मानत नाही. ती तपासणी प्रोग्रामरनेच करावयाची असते. 2014 मधील 'अॅक्सिऑस' लायब्ररी अशी उत्तरे चूक म्हणूनच पुढे करते. यावरून साहाय्यक साधनांचे प्रयोजन अद्याप सरलेले नाही, हे स्पष्ट होते.

सारांश, अशा साधनाचे यश केवळ त्याच्या प्रसारावरून मोजणे अपुरे आहे. जितका प्रसार अधिक, तितके त्याचे बदलणे कठीण आणि त्याचे थांबणे इतरांना महाग. 'रिक्वेस्ट'च्या कर्त्याने योग्य वेळी थांबण्याचा विवेक दाखविला. परंतु इतरांचे तिच्यावरील अवलंबन केवळ एका घोषणेने संपणारे नव्हते.