फौजेच्या गीतातील ‘मराठा’

ग्वाल्हेरच्या फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. माहेरच्या त्या तांबे, सासरच्या नेवाळकर. दोन्ही घरांची भाषा मराठी. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरनजीक कोटा की सराय येथील लढाईत त्यांना वीरमरण आले. पंच्याऐंशी वर्षांनी, १९४३ मध्ये, आझाद हिंद फौजेतील स्त्रियांची पलटण सिंगापुरात उभी राहिली, तिला नाव दिले गेले ते या मराठी राणीचे. त्या पलटणीने गायिलेले कौमी गीत मात्र हिंदुस्तानीत होते.

हे गीत म्हणजे ‘शुभ सुख चैन’. रवींद्रनाथांचे ‘जन गण मन’ १९११ चे. त्याची बंगाली संस्कृतप्रचुर. पंजाबी वा पठाण शिपायास तिचा अर्थ सहज उमगणारा नव्हता. नेताजी स्वतः बंगाली, तरीही मूळ शब्दांचा हट्ट त्यांनी धरला नाही. आबिद हसन आणि मुमताज हुसेन यांच्याकडून सोप्या हिंदुस्तानीत नवी रचना करवून घेतली. सुरावट बसविली गोरखा पलटणीतील रामसिंग ठाकुरी यांनी. मूळ गीतात भाग्यविधात्याचा जयजयकार आहे, तर या रचनेत भारताचे भाग्य उजळावे, त्यावर सुखाचा वर्षाव व्हावा, ही मागणी. हा शब्दशः अनुवाद नव्हे.

इतके बदलूनही एक गोष्ट बदलली नाही, ती म्हणजे प्रांतांची नामावळी. पंजाब, सिंध, गुजरात, मराठा, द्रविड, उत्कल, बंग ही नावे दोन्हीकडे आहेत. यातील ‘मराठा’ हा शब्द जातिवाचक नाही. तो मराठी मुलखाचा वाचक आहे. आणि असा प्रांत त्या काळच्या सरकारी नकाशावर नव्हताच. तेथे होते मुंबई व मद्रास इलाखे, मध्य प्रांत, निजामाचे राज्य. मराठी माणूस या सर्वांत वाटला गेला होता. १९११ मध्ये सिंध मुंबई इलाख्यात होता, ओरिसा बंगालला जोडलेला होता. कवीने आणि त्यामागोमाग फौजेने देश मोजला तो इलाख्यांनी नव्हे, लोकांच्या ओळखींनी. राज्य पुनर्रचनेचा कायदा आला १९५६ मध्ये. महाराष्ट्र १९६० मध्ये.

गीत हा न्यायालयातील पुरावा नव्हे, हे वकील म्हणून मी जाणतो. त्यातील ‘मराठा’ कोठे संपतो, हे कवीने सांगितलेले नाही. आमचे बेळगाव त्यात येते की नाही, याचा निवाडा त्यावरून होणार नाही. ग्वाल्हेर तर त्या नामावळीतील कोणत्याच नावात नीट बसत नाही, आणि तरीही तेथील शिंदेशाहीबरोबर गेलेल्या घराण्यांनी मराठी पिढ्यान् पिढ्या जपली.

भाषेचा आग्रह धरणाऱ्या आपल्यासारख्यांना आणखी एक गोष्ट खुपेल. फौजेतील हिंदुस्तानी रोमन लिपीत लिहिली जाई. राणीच्या पलटणीतील पुष्कळशा मुली मलायातील रबराच्या मळ्यांतून आलेल्या, तमिळ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी ही परकी भाषा शिकून घेतली आणि ‘मराठा’ हा शब्द इतर सहा नावांबरोबर गायिला.