हरलेल्यांची पंगत

निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराचे काय होते, हे आपल्याकडे कोणाला सांगावयास नको. हार कोमेजतात, कार्यकर्ते पांगतात, आणि मंडपवाल्याचे बिल तेवढे मागे उरते. पण हिंदी महासागरात एक बेट असे आहे, की जेथे पडलेल्यांपैकी काही जणांस निकालानंतर सन्मानाने बोलावून विधानसभेत बसविले जाते. आणि तेही कोणाच्या कृपेने नव्हे, तर राज्यघटनेच्या आधाराने. ते बेट म्हणजे मॉरिशस.

मॉरिशस आपल्याला अगदीच परके नाही. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून जे मजूर जहाजे भरभरून नेले, त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. गणेशचतुर्थीला तेथे सरकारी सुट्टी असते! बेट फ्रेंचांचे, १८१० साली इंग्रजांनी ते जिंकले, पण फ्रेंच कायदे आणि फ्रेंच भाषा तशीच राहू दिली. म्हणून १९६८ च्या घटनेने विधानसभेची भाषा इंग्रजी ठरविली, तरी सभासदाला फ्रेंचमध्ये बोलण्याची मुभा ठेवली. घरोघरी मात्र क्रिओल.

सत्ता दीर्घकाळ मळेवाल्यांच्या हाती होती. १९४८ साली साधे लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळाले, तेव्हा मतदारांची संख्या सुमारे बारा हजारांवरून सत्तर हजारांवर गेली. १९५९ साली सरसकट प्रौढ मतदान आले, आणि त्याच्याबरोबर भीतीही आली. बहुसंख्या हिंदूंची, मग इंग्रज गेल्यावर मुसलमानांचे काय, चिन्यांचे काय, आफ्रिकी आणि फ्रेंच वंशाच्या ख्रिस्ती लोकांचे काय? स्वतंत्र मतदारयाद्यांची मागणी पुढे आली. ती वाट कोठे जाते, हे आपल्या देशाने १९४७ साली पाहिले आहे.

१९६६ साली बॅनवेल आयोग आला. त्याच्या शिफारशींवर गदारोळ उठला, तेव्हा इंग्रजी वसाहतखात्याचे जॉन स्टोनहाऊस येऊन तडजोड जुळवून गेले. (हेच गृहस्थ पुढे १९७४ साली मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून ‘बुडाले’ आणि ऑस्ट्रेलियात जिवंत सापडले! त्यांची तडजोड मात्र बुडाली नाही.)

ती तडजोड अशी. मतदारयादी सर्वांची एकच. मुख्य बेटावर वीस मतदारसंघ. प्रत्येकातून तीन सभासद आणि प्रत्येक मतदाराला तीन मते. दूरच्या रॉड्रिग्ज बेटाचे दोन धरून एकूण बासष्ट. मग पंगत वाढून झाल्यावर यजमान जसा पाहतो, की कोणाच्या पानात जिलबी पडली नाही, तसा निवडणूक आयोग पाहतो. समाज चार धरले आहेत: हिंदू, मुसलमान, चिनी, आणि उरलेले सारे ‘सर्वसाधारण जनता’. समाजाच्या लोकसंख्येला त्याच्या निवडून आलेल्या सभासदांत एक मिळवून भागायचे. समजा, एका समाजाचे लोक नव्वद हजार आणि सभासद दोन; भागाकार तीस हजार. दुसऱ्याचे लोक दोन लाख, सभासद नऊ. भागाकार वीस हजार. अर्थात जागेवर पहिल्याचा हक्क. त्या समाजाचा, थोडक्यात पडलेला पक्षाचा उमेदवार आत येतो. अशा जागा फार तर आठ. पहिल्या चार केवळ समाज पाहून, पुढच्या चार पक्षांचा तोल सांभाळून. लोक यांना ‘बेस्ट लूझर’ म्हणतात.

१९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवाद्यांना ३९ आणि विरोधकांना २३ जागा मिळाल्या. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला व शिवसागर रामगुलाम पंतप्रधान झाले. १९९२ साली राणी जाऊन विधानसभेने निवडलेला राष्ट्रपती आला; शेवटचे अपील मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच राहिले.

या व्यवस्थेचे खरे मोल १९८२ साली कळले. सुमारे ६४ टक्के मतांच्या बळावर विजयी आघाडीने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा घेतल्या. खुद्द रामगुलाम पडले. त्या बेटाचा म्हणून विरोधी बाकांवर कोणी बसला असेल, तर तो पडलेल्यांतलाच. विरोधकाविना विधानसभा म्हणजे एका पैलवानाची कुस्ती, ती टळली.

पण याची किंमतही आहे, आणि ती मला लहान वाटत नाही. अर्ज भरताना उमेदवाराने आपला समाज लिहायचा. मराठी, तमिळ, तेलुगू हे सारे हिंदूंच्या एकाच रकान्यात. ज्याला मी नुसता मॉरिशसचा म्हणावयाचे आहे, त्याला रकानाच नाही! समाजाची नोंद करणारी शेवटची शिरगणती १९७२ ची. १९८२ साली घटनादुरुस्ती करून तेच आकडे कायम केले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ साली या सक्तीवर ठपका ठेवला. २०१४ च्या निवडणुकीपुरती रकाना कोरा सोडण्याची सूट मिळाली. २०१९ साली सक्ती पुन्हा आली. स्टोनहाऊससाहेबांनी चार समाजांना एका यादीत आणले खरे, पण चौघांमधल्या भिंती त्यांनी घटनेतच चिणून ठेवल्या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, १९८२ आणि १९९५ नंतर तिसऱ्यांदा, साठच्या साठ जागा एका आघाडीला मिळाल्या. पुन्हा भागाकार मांडले गेले, पुन्हा चार पडलेल्यांना बोलावणे गेले. आकडे होते १९७२ चे.