दृश्यशोधातील नेत्रहालचाली

समोरच्या पसाऱ्यातून हवी ती वस्तू हुडकताना होणाऱ्या डोळ्यांच्या हालचाली. दृष्टिपटलाच्या मध्यभागचा अगदी लहान भागच बारकावे टिपतो. हात लांब केल्यावर अंगठ्याच्या रुंदीएवढे, म्हणजे सुमारे २ अंशांचे क्षेत्र त्याच्या वाट्याला येते. त्यामुळे शोधणारी नजर झेपा घेत जाते : सेकंदाला तीन-चार झेपा आणि मध्ये साधारण पाव सेकंदाचे थांबे. वाचनातील झेपांच्या शोधाचे श्रेय बहुधा एमील जाव्हाल (१८७९) यांना देतात. त्याबाबत मतभेद आहेत.

पुढची झेप कुठे जाते? जे ठळक तिकडे, हे एक उत्तर. लॉरेंट इट्टी व क्रिस्टॉफ कॉख यांची संगणकीय प्रारूपे याच तत्त्वावर उभी आहेत. मात्र शोध हेतूने चालतो, हे मत पुराव्याला अधिक धरून आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील पाटणकर बाजारात औषधाचे दुकान शोधणारा दारांवरच्या पाट्यांची ओळ चाळेल. हात सुटलेले मूल शोधताना त्याचीच नजर गर्दीत कंबरेच्या उंचीवर उतरेल. रंग तेच, दिवे तेच, वाट मात्र बदलली. आल्फ्रेड यार्बस यांनी एकाच चित्राविषयी वेगवेगळे प्रश्न विचारून नजरेच्या वेगवेगळ्या वाटा नोंदवल्या (इंग्रजी आवृत्ती १९६७). अँटोनिओ तोराल्बा व सहकाऱ्यांच्या २००६ च्या प्रारूपातही दृश्याची एकूण ठेवण वस्तू कोणत्या आडव्या पट्ट्यात असेल ते सुचवते.

अचानक पेटलेला दिवा हेतू नसतानाही नजर खेचतो, हा आक्षेप रास्त आहे; पण ती ओढ क्षणाची असते, मग नजर कामावर परतते. वस्तू जिथे असेल त्या आडव्या पट्ट्यापर्यंत अपेक्षा नेते. पट्ट्याच्या आत मात्र कष्टच. हर्मन बूमा यांच्या १९७० च्या नियमानुसार कडेच्या नजरेला अक्षर ओळखू यायचे तर नजरेच्या केंद्रापासून ते जितके दूर, त्याच्या सुमारे निम्मे अंतर त्याच्याभोवती मोकळे हवे. खेटून लावलेल्या पाट्यांत ते मिळत नाही आणि पाटीपाटीवर थांबावे लागते.

शोध कधी सोडायचा, हेही अपेक्षाच ठरवते. जेरेमी वुल्फ व सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात लक्ष्य निम्म्या चित्रांत असताना सुमारे ७ टक्के वेळा हुकले. शंभरात एकदाच असताना ३० टक्के. सामानाच्या क्ष-किरण तपासणीत हेच आकडे धोक्याचे ठरतात.

भारतातील काम : मुंबईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य व सहकाऱ्यांनी वाचकांच्या नजरनोंदी अभ्यासल्या आहेत.