शिरेतली गाठ आणि प्रतिपिंडांचा तपकिरी रंग

"डॉक्टर, बायोप्सी तर झाली. मग रिपोर्टमध्ये परत 'आयएचसी करावे' असं का लिहिलंय?" पुन्हा खर्च, पुन्हा काही दिवसांची वाट, त्यामुळे नातेवाईक वैतागतात. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

आपल्या शिरांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायू असतात. त्यांतून क्वचित कॅन्सरची गाठ होते, तिला लायोमायोसार्कोमा म्हणतात. पोटातल्या सर्वांत मोठ्या शिरेत, म्हणजे इन्फिरिअर व्हेना केव्हामध्ये, अशी गाठ पर्ल यांनी 1871 साली पहिल्यांदा नोंदवली, तीही शवविच्छेदनात.

28 फेब्रुवारी 1941 रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या पॅथॉलॉजीची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. त्या काळी हाताशी मुख्यतः दोनच रंग: पेशीचं केंद्रक निळं, बाकी गुलाबी. सूतकताईच्या चातीसारख्या, टोकांना निमुळत्या पेशी दिसल्या, की त्या स्नायूच्या, मज्जातंतूच्या की तंतुमय ऊतीच्या, हे अनुभवी नजरेवर ठरायचं. अशी नजर घडवायला आयुष्य जातं, आणि तरी ती चुकू शकते.

त्याच 1941 मध्ये अमेरिकेत हार्वर्डला अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडला. प्रतिपिंड आपल्या ठरावीक प्रथिनालाच चिकटतं. म्हणजे ते जिथे चमकेल, तिथे ते प्रथिन आहे! पण त्यासाठी खास सूक्ष्मदर्शक लागायचा. 1966 मध्ये नाकाने आणि पिअर्स यांनी चमकीऐवजी एन्झाइम जोडलं, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही रंग दिसू लागला. 1975 मध्ये कोहलर आणि मिलस्टीन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडं हवी तितकी बनवण्याची युक्ती काढली. 1986 मध्ये अनैच्छिक स्नायूतल्या ॲक्टिनला ओळखणारं प्रतिपिंड आलं. फॉर्मालिनमुळे झाकली गेलेली प्रथिनं मायक्रोवेव्हमध्ये तापवून उघडी करायची पद्धत 1991 ची. माझ्या मते आमच्यासारख्यांना सर्वांत मोठा फायदा हिचा झाला, कारण मेणाच्या जुन्या ब्लॉकवरही आता बऱ्याच तपासण्या जमतात.

आज ॲक्टिन, डेस्मिन, काल्डेस्मॉन असे दोन-तीन रंग मिळून पाहतात. एकट्या ॲक्टिनवर भरवसा ठेवत नाहीत, कारण जखम भरताना येणाऱ्या पेशीही त्याने रंगतात. शिवाय हा रंग पेशीचं कूळ सांगतो, स्वभाव नाही. गर्भाशयाची साधी फायब्रॉइडसारखी गाठ कधीकधी शिरेत शिरून थेट हृदयापर्यंत वाढते, आणि तीही असेच रंग घेते. ती कॅन्सर नसते. हा फरक विभाजित होणाऱ्या पेशी मोजून, मृत भाग पाहून ठरतो, आणि उपचार पूर्ण बदलतात.

नाशिकहून ब्लॉक मुंबईला न्यायचा असेल तर डबीवरचा नंबर रिपोर्टशी जुळवून घ्या. आणि उन्हाळ्यात ती गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, मेण मऊ पडतं.